रोगी, लोक आणि वैद्यकव्यवहार : महाराष्ट्रातील सहभागाच्या कल्पनेचा इतिहास

१

पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यात, पिरंगुटच्या परिसरात उरवडे हे गाव आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ नंतर अशा प्रत्येक महसुली गावासाठी आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता यांचा विचार करणारी एक ग्रामसमिती असावी, अशी तरतूद केली. या तरतुदीच्या मुळाशी जी कल्पना आहे तिला सरकारी मराठीत ‘लोकसहभाग’ असे नाव आहे. हा शब्द आज इतका रूढ झाला आहे की त्याच्या अर्थाची चौकशी करण्याचे कारण कोणास वाटत नाही. परंतु ज्या शब्दाविषयी सर्वांचे एकमत असते त्याचा इतिहास पाहणे पुष्कळदा उद्‌बोधक ठरते. रोग्याने व त्याच्या समाजाने वैद्यकीय व्यवहारात व संशोधनात सहभागी व्हावे, ही कल्पना महाराष्ट्रात कशी उदयास आली, तिला कोणकोणती रूपे प्राप्त झाली आणि त्या रूपांत लोकांचे स्थान नेमके काय होते, याचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या विचारास व्याकरणातील कारकांची परिभाषा उपयोगी पडण्यासारखी आहे. वाक्यात क्रियेशी नामाचे जे नाते असते त्यास कारक म्हणतात. ज्याच्यावर क्रिया घडते ते कर्म, ज्याच्या साधनाने ती सिद्ध होते ते करण, ज्याला उद्देशून दान दिले जाते ते संप्रदान, जेथे क्रिया घडते ते अधिकरण. या सर्वांहून कर्ता निराळा. पाणिनीने त्याचे लक्षण स्वातंत्र्यावरून सांगितले आहे. वैद्यकव्यवहार ही एक क्रिया मानली, तर ‘लोक’ हे पद या वाक्यात वेळोवेळी कोणत्या कारकात उभे राहिले, असा प्रश्न विचारता येतो. ‘सहभाग’ हा शब्द या प्रश्नाचे उत्तर देत नाही, उलट तो झाकून टाकतो. कारण जो केवळ हजर असतो तोही सहभागी, आणि जो निर्णय घेतो तोही सहभागीच. मराठीत याच धातूपासून आलेला दुसरा शब्द आहे तो ‘भागीदार’. भागीदाराला नफ्यातोट्यात वाटा असतो, आणि मुख्य म्हणजे त्याला हिशेबाची वही पाहण्याचा अधिकार असतो. सहभागी आणि भागीदार यांतील हे अंतर ध्यानात ठेवूनच पुढील इतिहासाकडे पाहावयास हवे.

२

आधुनिक वैद्यकाची महाराष्ट्रातील जनसामान्यांशी पहिली व्यापक गाठ पडली ती देवीच्या लशीच्या निमित्ताने. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ही पहिली यशस्वी लसटोचणी होय. त्या काळी लस टिकवून ठेवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे एका मुलाच्या दंडावरील फोडातून ती घेऊन दुसऱ्याच्या दंडावर टोचणे हा होता. मुंबईतून लशीचा प्रसार झाला तो अशा रीतीने, मुलांच्या शरीरांच्या साखळीवरून. म्हणजे जे शरीर लस घेणारे तेच लस वाहून नेणारेही होते. या व्यवहारात मुलांच्या आईबापांस काय सांगितले गेले असेल, याची नोंद ठेवणे त्या काळच्या अधिकाऱ्यांस अगत्याचे वाटत नव्हते.

मराठी भाषेने या नव्या गोष्टीस जे नाव दिले ते अर्थपूर्ण आहे. रोगास ‘देवी’ म्हणत, आणि रोग झाला असता ‘देवी आल्या’ असे म्हणत. या प्रयोगात रोग हा कर्ता आहे. तो घरी आलेला पाहुणा आहे, त्याचा मान राखावयाचा आणि तो आपल्या पायांनी जाईल याची वाट पाहावयाची. लस टोचण्यास ‘देवी काढणे’ असे म्हणू लागले. येथे कर्ता बदलला. काढणारा हा सरकारी मनुष्य, आणि मूल हे ज्याच्या अंगावर ही क्रिया घडते असे स्थान. पूर्वीच्या वाक्यात घर हे यजमान होते; नव्या वाक्यात त्याला जागाच उरली नाही. १८७७ साली मुंबई शहरासाठी सक्तीच्या लसटोचणीचा कायदा झाला आणि १८८० साली हिंदुस्थान सरकारच्या कायद्याने नगरपालिकांस व छावण्यांस तशीच सक्ती लागू करण्याची वाट मोकळी झाली.

मराठीत ‘टोचणे’ आणि ‘टोचून घेणे’ असे दोन प्रयोग आहेत. ‘त्याला लस टोचली’ या वाक्यात तो कर्म आहे. ‘त्याने लस टोचून घेतली’ या वाक्यात तोच मनुष्य कर्ता आहे. सुई तीच, दंड तोच, परंतु वाक्य निराळे. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील पुष्कळसा संघर्ष या दोन वाक्यांमधील आहे असे म्हणावयास हरकत नाही.

३

हा संघर्ष सर्वांत उग्र स्वरूपात प्रकट झाला तो प्लेगच्या साथीत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रोगी आढळले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा अमलात आला. त्याने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमण्यात आली आणि घरांच्या झडतीसाठी गोऱ्या सैनिकांची योजना झाली. रोग्यास घरातून उचलून रुग्णालयात नेणे, त्याच्या निकटवर्तीयांस विलगीकरणाच्या छावणीत ठेवणे, घरातील सामान जाळणे अशा या उपायांत वैद्यकीय हेतू होता हे नाकारता येत नाही. तथापि ते ज्या रीतीने अमलात आले तीमुळे रोगापेक्षा उपायाची दहशत अधिक झाली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली.

या प्रकरणाचे राजकीय अंग सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याची दुसरी बाजू महत्त्वाची आहे. केसरीतून सरकारी जुलमावर कठोर टीका करणाऱ्या टिळकांनी पुण्यातच हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. हडपसरजवळ सासाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी रोग्यांसाठी दवाखाना चालविला. तेथे रोग्यांची सेवा करीत असता सावित्रीबाई फुले यांस प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. मुंबईत निरनिराळ्या जाती-जमातींनी आपापली प्लेग रुग्णालये काढली. म्हणजे लोकांचा विरोध विलगीकरणास वा औषधास सर्वस्वी नव्हता. जेथे शुश्रूषा करणारा मनुष्य ओळखीचा असे, तेथे हेच लोक रुग्णालयात जात.

लशीच्या बाबतीतही असेच दिसून येते. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतरची चाचणी झाली ती भायखळ्याच्या तुरुंगात. कैदी स्वखुशीने पुढे आले असे सांगितले गेले. परंतु तुरुंगातील स्वखुशीचा अर्थ काय, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला नाही. याउलट खोजा समाजात तिसरे आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली, आणि त्या समाजातील हजारो लोक लशीसाठी पुढे आले. एकाच शहरात, एकाच लशीसंबंधी, एकाच वर्षी ‘टोचले’ आणि ‘टोचून घेतले’ ही दोन्ही वाक्ये खरी होती.

येथे एका गोष्टीची नोंद करणे अवश्य आहे. प्लेगच्या काळात जो सहभाग दिसून आला तो जातीच्या चौकटीतून आला. जातीचे रुग्णालय ज्यांस होते त्यांस आपुलकीची शुश्रूषा लाभली. ज्यांस असे पाठबळ नव्हते त्यांस सरकारी छावणी होती. ‘समाज’ या पदाने कोणाचा निर्देश व्हावयाचा, हा प्रश्न सहभागाच्या कल्पनेबरोबरच जन्मास आला. तो पुढेही तिची पाठ सोडीत नाही.

४

स्वातंत्र्यापूर्वी नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना या अहवालाने दृढ केली हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु गावोगाव आरोग्यसमित्या स्थापून लोकांचे सक्रिय सहकार्य मिळवावे, अशीही त्याची शिफारस होती, हे तितकेसे स्मरणात राहिलेले नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर आरोग्य केंद्रे खेड्यांत येऊ लागली. या काळाचा आवडता शब्द ‘जनसहकार्य’ हा होता. सहकार्य म्हणजे ठरलेल्या कामास हातभार. काय करावयाचे ते योजनेने ठरवावे, आणि लोकांनी श्रमदान करावे, जागा द्यावी, वर्गणी द्यावी. कारकांच्या परिभाषेत बोलावयाचे तर लोक आता कर्म राहिले नाहीत. ते संप्रदान झाले. त्यांना उद्देशून पुष्कळ काही दिले जाऊ लागले. परंतु दान घेणाऱ्यास दानाची निवड करता येत नाही.

या स्थितीची मर्यादा कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमात उघड झाली. शस्त्रक्रियांची उद्दिष्टे वरून ठरत आणि ती पुरी करण्याचे काम खालच्या कर्मचाऱ्यांकडे येई. १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, महाराष्ट्र विधिमंडळाने कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालून नसबंदीची सक्ती करणारे विधेयक संमत केले. त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून तो कायदा झाला नाही. तथापि प्लेगच्या साथीनंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी, आणि लोकनियुक्त विधिमंडळात, ‘टोचणे’ हेच वाक्य पुन्हा उच्चारले गेले, ही गोष्ट लक्षणीय आहे. परकीय सत्ता गेल्याने लोक आपोआप कर्त्याच्या स्थानी येतात, हा समज किती अपुरा आहे ते यावरून कळून येते.

५

याच कालखंडात महाराष्ट्रात सरकारी योजनेच्या बाहेर काही निराळे प्रयोग झाले. त्यांपैकी पहिला कुष्ठरोग्यांचा होय. कुष्ठरोगी हा समाजाने सर्वस्वी बहिष्कृत केलेला रोगी. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. तेथील विहिरी खणणे, जमीन लागवडीस आणणे, घरे बांधणे ही कामे रोग्यांनीच केली. कुष्ठरोग्यांची सेवा पूर्वीही होत असे. परंतु ती करुणेच्या पोटी होणारी, आणि म्हणून रोग्यास संप्रदानाच्या जागी ठेवणारी. आनंदवनात रोगी उत्पादक झाला. उपचार आणि उपजीविका यांची सांगड घातल्याखेरीज रोग्यास स्वत्व परत मिळत नाही, ही गोष्ट या प्रयोगाने दाखवून दिली.

दुसरा प्रयोग जामखेडचा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतल्यानंतर १९७० साली अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. गावांनी बोलावल्याखेरीज तेथे जावयाचे नाही, असे त्यांचे धोरण होते. आरंभी त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांस खेड्यांत ठेवण्याचा प्रयत्न केला. परंतु बाहेरून आलेल्या या तरुण स्त्रियांस गावात राहणे कठीण जाई आणि गावातील बायकांसही त्यांच्यापाशी मन मोकळे करता येत नसे. तेव्हा गावातीलच स्त्री निवडावी असा विचार पुढे आला. अशा रीतीने ग्राम आरोग्यसेविका तयार झाल्या. त्यांतील पुष्कळजणी निरक्षर होत्या, आणि बऱ्याचजणी दलित समाजातील होत्या. आठवड्यातून एकदा जामखेडास येऊन शिकावयाचे, आणि शिकलेले गावात जाऊन दुसऱ्यांस सांगावयाचे, असा हा क्रम होता. तेथे वेगवेगळ्या जातींच्या स्त्रिया एकत्र राहत, एकत्र जेवत.

जामखेडच्या यशाचे रहस्य केवळ औषधांत शोधून चालणार नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास पाण्याचा प्रश्न सर्वांत निकडीचा होता, तेव्हा प्रथम पाण्याचे काम हाती घेण्यात आले. कूपनलिका खणताना त्या दलित वस्तीत वा तिच्या जवळ घेण्याकडे कल ठेवण्यात आला, त्यामुळे सवर्णांस पाण्यासाठी तिकडे जावे लागले. शेतकरी मंडळे व महिला मंडळे स्थापन झाली. मुलांचे वजन करणे, गरोदर स्त्रियांची पाहणी करणे, गावातील जन्ममृत्यूंची नोंद ठेवणे ही कामे गावातील माणसेच करू लागली. १९७१ साली प्रकल्पाच्या गावांत हजारी १७६ असलेले अर्भकमृत्यूंचे प्रमाण १९९० नंतरच्या दशकात तिसांच्या खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या, लोकांनी स्वतः चालविलेल्या आरोग्यकार्यासंबंधीच्या ग्रंथात जामखेडचा समावेश झाला. सप्टेंबर १९७८ मध्ये अल्माअता येथील परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचे जे घोषणापत्र काढले, त्याच्यामागे असलेल्या अनुभवांत जामखेडचा अनुभव होता. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडने प्लेगच्या काळातील प्रश्नास एक उत्तर दिले, हे येथे विशेष सांगितले पाहिजे. सहभाग जातीच्या चौकटीतूनच यावयाचा असेल, तर ज्यांस चौकटीत स्थान नाही त्यांचे काय, असा तो प्रश्न होता. गावातील सर्वांत उपेक्षित स्त्रीस गावाच्या आरोग्याची अधिकारी करणे हे त्याचे जामखेडमधील उत्तर होय. गाव जसे आहे तसे स्वीकारून त्याचा सहभाग मागितला, तर तो गावातील प्रबळांचाच सहभाग होतो. सहभागासाठी प्रथम गावाची रचना हलवावी लागते.

६

सेवेच्या क्षेत्रात लोकांना कर्त्याचे स्थान देणे कठीण असले तरी समजण्यासारखे होते. संशोधनाच्या क्षेत्रात मात्र ही कल्पना अधिक अवघड ठरली. कारण संशोधनाची परंपराच अशी की प्रश्न विद्वानाने विचारावयाचा, आणि लोकांनी रक्त, लघवी व उत्तरे द्यावयाची. गाव हे संशोधनाचे अधिकरण, म्हणजे ते घडण्याची जागा.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. तेथील आरंभीच्या अभ्यासांपैकी एक सिकलसेल या रक्तदोषासंबंधी होता. शास्त्रीय दृष्ट्या तो महत्त्वाचा होता, परंतु गावकऱ्यांस तो आपला प्रश्न वाटत नव्हता. त्यांच्या हाती त्यातून काही आले नाही. या अनुभवापासून संशोधनाचा विषय लोकांच्या गरजेतून यावयास हवा, असा धडा डॉ. बंग यांनी घेतला. रुग्णालय कसे असावे हे आदिवासींस विचारले गेले, तेव्हा मोठ्या इमारतीची भीती वाटते, रोग्याबरोबर आलेल्या नातलगांस राहण्यास जागा हवी, अशी उत्तरे आली. त्यानुसार झोपड्यांच्या वस्तीसारखे रुग्णालय बांधले गेले आणि त्यास माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले.

१९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करण्यात आली होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांस एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. हा अभ्यास होईपर्यंत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असे समीकरण होते. स्त्रियांच्या दुखण्यास सरकारी परिभाषेत शब्द नव्हता; स्त्रियांच्या बोलीत मात्र तो होता. डॉ. राणी बंग यांच्या ‘कानोसा’ या पुस्तकाचे नाव या दृष्टीने अन्वर्थक आहे. कानोसा घेणे म्हणजे जे मोठ्याने बोलले जात नाही ते ऐकणे. शास्त्रीय प्रश्नाचा उगम बोलीतील शब्दात असू शकतो, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनीही ध्यानात घेण्याजोगी आहे.

यानंतरचा अभ्यास नवजात बालकांच्या मृत्यूंसंबंधीचा. ३९ गावांत निवडलेल्या स्थानिक स्त्रियांस नवजात बालकाची घरीच देखभाल करण्याचे, जंतुदोष ओळखण्याचे व प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्याचे शिक्षण देण्यात आले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. खेड्यातील स्त्रीच्या हाती सुई द्यावी की नाही, यावर वैद्यकवर्गात मोठा वाद होता. देवी काढण्याच्या काळापासून सुई ही सरकारच्या माणसाच्या हातात होती; ती गावच्या बाईच्या हातात गेली, हा बदल आकड्यांइतकाच मोलाचा होय. २०११ साली ही पद्धत केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांच्या द्वारा देशभर स्वीकारली.

एड्सच्या साथीत हाच प्रश्न निराळ्या रूपाने पुढे आला. सांगली परिसरात १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेच्या कार्यातून वेश्याव्यवसायातील स्त्रिया स्वतःच प्रतिबंधाचे काम करू लागल्या आणि १९९६ साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही त्यांची संघटना झाली. पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत २००५ साली एड्सच्या लशीची चाचणी सुरू झाली, तेव्हा लोकांतील व्यक्तींचे सल्लागार मंडळ संशोधनास जोडलेले होते. भायखळ्याच्या तुरुंगातील चाचणी आणि ही चाचणी यांत शतकाहून अधिक अंतर आहे, आणि ते अंतर केवळ काळाचे नाही.

तरीही परिभाषेचा प्रश्न सुटला असे म्हणता येणार नाही. आज संशोधनाच्या मराठी संमतिपत्रकांत ज्याच्यावर अभ्यास होतो त्यास ‘सहभागी’ असे म्हणतात. हा शब्द सौजन्याचा आहे. परंतु ज्याने प्रश्न ठरविला नाही, ज्यास निष्कर्ष कळविला जाईलच असे नाही, त्याने केवळ अंगठा उठविला म्हणून तो सहभागी झाला काय? कारक न बदलता केवळ नाम बदलल्याने वाक्याचा अर्थ बदलत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत समुदायाशी संवाद साधण्यास, त्यास आरंभापासून विश्वासात घेण्यास आणि फलितात त्याचा वाटा ठेवण्यास महत्त्व दिले आहे. तत्त्व म्हणून ते निर्विवाद आहे. त्याची कसोटी गावात वाचून दाखविल्या जाणाऱ्या कागदाच्या भाषेत लागते.

७

असे प्रयोग शासनाने आपल्या योजनेत घेतले असता त्यांचे काय होते, हा इतिहासाचा पुढील भाग होय. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने गावोगाव आरोग्यरक्षक नेमण्याची योजना सुरू केली. निवड गावाने करावयाची होती. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी गावातील प्रबळ घराण्यांतील पुरुषांची निवड झाली, आणि जामखेडच्या प्रयोगाचा गाभाच नाहीसा झाला. २००५ च्या अभियानातील ‘आशा’ ही स्त्रीच असावी, या नियमामागे हा अनुभव होता. तथापि तिला कर्मचारी न मानता स्वयंसेविका मानण्यात आले, आणि वेतनाऐवजी कामागणिक मोबदला ठरला. कोरोनाच्या साथीत घरोघर जाऊन तपासणी करण्याचे काम महाराष्ट्रात मुख्यत्वे आशांवर पडले. जून २०२१ मध्ये त्यांना मागण्यांसाठी राज्यव्यापी संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला. गौरव आणि वेतन यांतील हे अंतर करण आणि कर्ता यांतील अंतरच आहे. करण कितीही प्रभावी असले तरी ते दुसऱ्याच्या हातातील साधन असते.

याच अभियानात एक निराळी तरतूदही होती. २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा उपक्रम सुरू झाला. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आता धाराशिव), पुणे व ठाणे या पाच जिल्ह्यांत त्याचा आरंभ झाला. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे त्याच्या समन्वयाचे काम होते. गावकऱ्यांनी आपल्या केंद्रातील सेवांची पाहणी करून प्रगतिपत्रक भरावे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडावे, अशी ही रीत होती. औषध का नव्हते, डॉक्टर का नव्हते, पैसे का घेतले, असे प्रश्न सर्वांसमक्ष विचारले जाऊ लागले. भागीदारास वही पाहण्याचा अधिकार असतो, असे आरंभी म्हटले आहे. लोकाधारित देखरेख हा तो अधिकार मागण्याचा प्रयत्न होय. लोकांकडून श्रम मागणाऱ्या योजना पूर्वीही होत्या. लोकांना हिशेब देणारी योजना ही नवी होती.

८

आता पुन्हा उरवड्याकडे वळावयाचे. मुळशी तालुक्यास लोकांना न विचारता घेतलेल्या निर्णयांचा जुना अनुभव आहे. टाटांच्या वीजनिर्मितीच्या धरणासाठी जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हा १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह झाला. पुढे, पुणे शहर वाढत गेले तसे, पिरंगुटच्या परिसरात कारखाने आले आणि शेतीच्या गावांचे रूप पालटले. ७ जून २०२१ रोजी उरवडे येथील एका रासायनिक कारखान्यास आग लागली. तीत पंधराहून अधिक कामगार मृत्यू पावले. त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. या दुर्घटनेतील दोष कोणाचा, हा न्यायालयाचा विषय आहे. आरोग्यातील सहभागाच्या इतिहासास मात्र तीमधून एक प्रश्न प्राप्त होतो.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या; उरवड्याच्या आगीच्या वेळी तो कायदा लागू होता. धोक्याच्या प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्याने त्या धोक्याची माहिती कामगारांस, स्थानिक संस्थेस आणि आसपासच्या जनतेस द्यावी, असे त्यात सांगितले होते. अशा कारखान्यात कामगार व व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती असावी, आणि संकट जवळ आल्याचे दिसल्यास ते निदर्शनास आणून देण्याचा कामगारास अधिकार असावा, असेही त्यात होते. आरोग्यविषयक भागीदारीचे इतके स्पष्ट शब्दांकन ग्रामीण आरोग्याच्या योजनांतही क्वचितच आढळते. आणि तरीही आरोग्यातील लोकसहभागाची चर्चा होते तेव्हा कारखान्याचा निर्देश सहसा होत नाही. ग्रामसमिती गावाची, सुरक्षा समिती कारखान्याची. एकीचा विषय लसीकरण व पोषण, दुसरीचा विषय अपघात. गावातून कामास जाणारी स्त्री सकाळी एका समितीच्या कक्षेतून बाहेर पडते आणि दुसरीच्या कक्षेत शिरते, परंतु दोहोंपैकी कोणत्याही ठिकाणी तिला बोलावयास सांगितले जाईलच असे नाही. औद्योगिक वस्तीतील कामगार पुष्कळदा बाहेरगावचे असतात. त्यांचे नाव मतदारयादीत नसले तर ग्रामसभेच्या दृष्टीने ते ‘लोक’ नव्हेत.

प्लेगच्या काळी समाज म्हणजे जात, असा अर्थ होता. जामखेडच्या काळी समाज म्हणजे गाव, असा अर्थ झाला, आणि त्या गावाच्या रचनेस हात घातल्यावरच तो सार्थ ठरला. आज उरवड्यासारख्या ठिकाणी समाज म्हणजे कोण, हे नव्याने ठरवावे लागणार आहे. गावकरी, कामगार, भाडेकरू, वाडीवस्तीवरील माणसे या सर्वांस सामावून घेणारे ‘लोक’ हे पद अद्याप घडावयाचे आहे.

या इतिहासावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, लोकांनी वैद्यकास विरोध केला असे ज्या ज्या प्रसंगी म्हटले गेले, त्या त्या प्रसंगी त्यांना वाक्यात कोणते स्थान दिले होते ते तपासले पाहिजे. पुण्यात ज्या वर्षी झडतीस विरोध झाला त्याच वर्षी लोकांनी रुग्णालयेही उभारली. दुसरी ही की, सहभाग मागण्यापूर्वी त्यातील ‘भाग’ कोणता ते सांगितले पाहिजे. श्रमाचा भाग लोकांनी नेहमीच उचलला आहे. प्रश्न ठरविण्याचा भाग, माहितीचा भाग आणि हिशेब मागण्याचा भाग त्यांच्याकडे येतो तेव्हाच ‘लोक’ हे पद कर्त्याच्या स्थानी येते. महाराष्ट्रात हे घडल्याची उदाहरणे आहेत. ती थोडी आहेत. परंतु ती दुष्काळी तालुक्यात, जंगलातील जिल्ह्यात आणि समाजाने दूर लोटलेल्या माणसांत घडली. ती औद्योगिक गावात घडणार नाहीत असे मानण्यास आधार नाही.